घटका बुडाली नाही

मी एक जुनी तांब्याची वाटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या बुडाला भोक आहे. म्हणजे होतं. ते मुद्दाम पाडलेलं होतं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या भोकाचाच आहे.

शास्त्रात मला घटिकापात्र म्हणतात. घरात सगळे 'घटका' म्हणायचे. मूर्तिजापूरच्या एका कारागिरानं मला ठोकून घडवलं आणि केसाएवढ्या तारेनं बुडाला छिद्र पाडलं. पाण्यावर ठेवलं की खालून पाणी चढायचं आणि बरोबर चोवीस मिनिटांनी मी तळाशी जायचे. तेवढी एक घटका. लग्नघरी गंगाळात मी तरंगत असले, की भल्या भल्या जमीनदारांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी बुडाले की 'सावधान'. मी सहाशे अकरा लग्नांचे मुहूर्त सांगितले. त्यांतली किती जोडपी पुढे एकमेकांशी धड बोलली, ते विचारू नका. मी घटका मोजायचे, संसार नाही.

माझे मालक नारायणगुरुजी. बापाच्या हाताखाली पौरोहित्य शिकले आणि चोविसाव्या वर्षीच शास्त्रात बापापेक्षा कडक झाले. सूर्य चुकेल, गुरुजी चुकणार नाहीत, असं लोक म्हणत. ते ऐकायला गुरुजींना आवडायचं. मलाही आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुभद्राचं लग्न होतं. वडील यवतमाळकडे एक कार्य उरकून शकुंतलेनं परत येत होते. ती आगगाडी म्हणजे मनात आलं तर पळणारी. मांडवात सगळे जमले, मी पाण्यावर, वडिलांचा पत्ता नाही. मी भरत आले. अंतरपाटामागून सुभद्रा म्हणाली, "दादा, थोडं थांब ना रे. बाबा येऊन राहिले."

"घटका बुडाली," गुरुजी म्हणाले. "काळ कोणासाठी थांबत नाही."

कन्यादान काकांनी केलं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजून थांबली, तेव्हा वडील मांडवाच्या तोंडाशी आले. कोणीतरी सवयीनं त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. त्या टाकायच्या कुठे, ते त्यांना कळेना. मूठ तशीच मिटून ते खुर्चीवर बसले. तीन महिन्यांनी ते गेले. सुभद्रा वरूडला नांदायला गेली, ती माहेरी फक्त मयतीला आली. कार्याला एकदाही नाही. सत्तेचाळीस वर्षं.

 त्यानंतर मला पाण्यावर ठेवताना गुरुजींचा हात जड व्हायचा. ते मला कळायचं. दुसऱ्या कोणाला कळलं असेल, असं वाटत नाही.

मग मोबाईल आले. लग्नाची वेळ ज्याच्या त्याच्या खिशात गेली आणि मी अकोल्याच्या घरात माळ्यावर गेले. पंधरा वर्षांनी गुरुजींच्या सूनबाई सीमा यांनी मला खाली काढलं. सीमाताई बँकेत नोकरीला, घर आरशासारखं ठेवणाऱ्या. त्यांनी मला उजेडात धरलं आणि हळहळल्या, "एवढी चांगली तांब्याची वाटी, आणि बुडाले भोक!" दारावर भांडी दुरुस्त करणारा आला होता. त्याच्याकडून त्यांनी कथलाचा डाग देऊन माझं भोक बुजवून घेतलं, मला चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि पाणी भरून तुळशीजवळ पाखरांसाठी ठेवलं. माझं एवढं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं, आणि माझं आयुष्य त्याच दिवशी बंद झालं.

वरच्या खोलीत तेव्हा एक भाडेकरू होता. किओको. केनियाहून कृषी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला आलेला, कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवून जेवून वऱ्हाडी शिकलेला. एका सकाळी पाखरांना पाणी घालताना त्यानं मला उचललं. शेजारी बसलेल्या गुरुजींनी हात लावला आणि डोळ्यांत मोतीबिंदू असूनही मला ओळखलं. माझं सगळं काम त्यांनी त्याला सांगितलं. बूड मात्र चाचपलं नाही.

"म्हंजे काकाजी, हे वेळ मोजते?"

"मोजते. काळ हे द्रव्य आहे बाबा. एक, अखंड, सगळ्यांना सारखं. आपण असू नसू, तो वाहतोच."

किओको हसला. "आमच्या गावचे म्हातारे उलटं सांगतात. साऱ्या आफ्रिकेचं नाही सांगत मी, तो काही एक मोहल्ला नाही. आमच्या गावचं सांगतो. काही घडलं, तर वेळ झाली. नाही घडलं, तर वेळ झालीच नाही. लग्नाले ज्यांनी यावं ते आले, की लग्नाची वेळ झाली."

"आणि उद्या? तो कुठं गेला?"

"उद्या अजून आहेच कोठी? पेरलं त्याचं पीक, पोटात आहे ते लेकरू. तेवढाच उद्या. बाकीचा ढीग मागंच आहे."

"मग गेलेली माणसं?"

किओकोनं मला खाली ठेवलं. "ते लगेच मागं नाही जात, काकाजी. ज्यानं त्यांना पाहिलं, त्यांचं नाव घेतलं, तो जिता आहे तोवर ते आपल्याच वेळेत असतात. माझी आजी पाणी पिण्याआधी थोडं जमिनीवर सांडते, आजोबाचं नाव घेऊन. नाव घेणारा शेवटचा गेला, की मग ते मोठ्या जुन्या काळात जातात. तिथं नावं नसतात."

"आमच्याही तर्पणात तीनच पिढ्या नावानं," गुरुजी हळूच म्हणाले.  

नात निधी हे सगळं ऐकत होती. तिचं लग्न ठरलं होतं. "आजोबा, माझ्या लग्नात मोबाईल नको, हीच घटका ठेवा," तिनं हट्ट धरला. आणि गुरुजींना न विचारता वरूडला फोन केला. पलीकडून सुभद्राआत्या म्हणाल्या, "नारायणदादाच्या घरचं कार्य? पाहू." आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "येतो मी. पण त्याले सांगजो, माह्या बापासारखं मले मांडवाच्या तोंडाशी उभं ठेवू नको."

निधीनं निरोप शब्दाला शब्द पोचवला.

लग्न डिसेंबरात, मुहूर्त बारा वाजून चार मिनिटांचा. पावणेबाराच्या आधी सुभद्राआत्यांच्या मुलाचा फोन आला. रस्त्यात संत्र्यांचा ट्रक उलटला होता, गाडी अडकली होती. अर्धा-पाऊण तास लागणार. गुरुजींनी ऐकलं आणि मला हातात घेतलं. जुन्या सवयीनं छिद्र साफ आहे का ते पाहायला त्यांचा अंगठा बुडाशी गेला.

तिथं डागाचा कडक गोळा होता.

गुरुजी थबकले. कोणाला हाक मारून घड्याळ मागवता आलं असतं. त्यांनी मागवलं नाही. मला दोन्ही हातांनी गंगाळात ठेवलं, आणि मित्रांनो, त्या दिवशी त्यांचा हात जड नव्हता.

बारा वाजून चार झाले. मी कोरडी ठणठणीत तरंगत होते. नवऱ्या मुलाचे काका गजेंद्र वकील, वेळेचे पक्के. त्यांनी मोबाईल वर धरला. "गुरुजी, झाली की वेळ!"

"घटका बुडाली नाही, वकीलसाहेब."

"अहो, बारा-दहा झाले!"

"मोबाईल तुमचा आहे. मुहूर्त इथं ही सांगते. तुमीच पाहा, बुडाली का?"

वकिलांनी वाकून पाहिलं. पुरावा तरंगत होता. ते बसले. मागं एक बाई म्हणाली, "गुरुजी म्हातारे झाले हो." आयुष्यभर जपलेलं नाव दर मिनिटाला उतरत होतं आणि गुरुजी पाण्याकडे बघत स्वस्थ बसले होते. सीमाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. आपण बुजवलेलं भोक कशासाठी होतं, ते त्यांना आता कळलं होतं. किओको माझ्याशेजारी मांडी घालून बसला होता, डोळे दाराकडे लावून.

बारा सत्तावीसला सुभद्राआत्या दारात आल्या. पदर घामानं भिजलेला, श्वास फुललेला. अंतरपाट तसाच धरलेला पाहून त्या जागीच थांबल्या.

"दादा, वेळ झाली का रे?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "आता होते." त्यांनी बहिणीच्या ओंजळीत अक्षता घातल्या, आणि मग आणखी एक मूठ घातली. "ही बाबांची. तेव्हाची राहिलेली."

मग त्यांनी माझ्या काठावर अंगठा ठेवला आणि मला दाबलं. पाणी वरून आत आलं. मी तळाशी टेकले. "घटका बुडाली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सीमाताई डाग काढायला निघाल्या. गुरुजी म्हणाले, "राहू दे बाई. तिनं मोजायचं तेवढं मोजलं."

आता मी तुळशीजवळ असते. सकाळी पाखरं येतात. गुरुजी पाणी घालतात, आधी थोडं जमिनीवर सांडून. वडिलांचं नाव घेतात, मग माझ्यात ओततात.

मित्रांनो, एवढीच विनवणी. जुन्या भांड्यात भोक दिसलं, तर ते कोणी कशासाठी पाडलं होतं, ते घरच्या म्हाताऱ्यांना आधी विचारा. आणि तुमच्या कार्याला निघालेलं कोणी अजून वाटेत असेल, तर माझ्यासारख्या वाटीकडे बघू नका. दाराकडे बघा.