हरल्याचा आवाज

कागदावर एकशे सदतीस आवाज होते. ठोसे मारतानाचे बावन्न, हलका मार खाल्ल्याचे चाळीस, जबर मार खाल्ल्याचे तीस, आव्हानाची वाक्यं तेरा, जिंकल्याची आरोळी एक आणि हरल्याची एक. दुपारी तीनपर्यंत एकशे पस्तीस आवाजांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या होत्या.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी मुलगी हेडफोन सारखे करत होती. अलीकडे डबिंगवाले काका कोमट पाणी पीत होते. प्रत्येक घोट उतरताना त्यांचे डोळे मिटत. एका जपानी कार्टून मालिकेतल्या लंगड्या लढवय्याला त्यांनी अकरा वर्षं आवाज दिला होता. आता त्या मालिकेवरून मारामारीचा गेम निघत होता. आणि परवा सकाळी शस्त्रक्रिया करून काकांचं स्वरयंत्र काढणार होते.

“काका, खरं सांगू? मालिकेत तुमचा एक ठोसा बसायला तीन-तीन भाग लागायचे. नुसती बडबड! असल्या गेममध्ये कसं, बटण दाबलं की दाणकन बसतो. मी आणि दादा त्यासाठीच जीव टाकतो.”

“म्हणजे अकरा वर्षं मी तुझं डोकं खाल्लं तर!”

ते हसायला गेले; नुसती हवा बाहेर पडली. जरा वेळाने ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आता एकच आरोळी निघेल. दुसरी माझ्या जागी येणाऱ्या त्या नव्या पोराकडून घ्या.”

“मग जिंकल्याची घेऊ. हरल्याची कोण ऐकतंय?”

“तू किती वेळा हरतेस?”

ती ओशाळली. “दहातले सात.”

“मग? जिंकणाऱ्याला कुणाचाही आवाज चालतो गं. हरल्यावर परत बटण दाबायचं असतं, तेव्हा माणूस ओळखीचा हवा.”

“पण डॉक्टरांनी ओरडू नका म्हटलंय ना?”

“परवापासून ऐकणारच आहे त्यांचं.”

लाल दिवा लागला. मालिकेत तो लढवय्या कधी हरला नव्हता; ही आरोळी काकांनी आजवर एकदाही दिली नव्हती. एरवी ते माइकपासून वीतभर लांब राहत. आज चार बोटांवर आले. गुडघे किंचित वाकवले आणि पोटातून आवाज सोडला. सुरुवातीला तो लढवय्याचा होता. मग तो फाटला. शेवटी फक्त श्वास उरला.

“परत घ्यायची, काका?”

काकांचे ओठ हलले. हेडफोनमध्ये काहीच आलं नाही.

मुलीने पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेच्या दोन्ही रिकाम्या कडा कापल्या. श्वास तसाच ठेवला. मग कागदावर त्या आवाजापुढे लांबी लिहिली: एक पूर्णांक आठ दशांश सेकंद.