कुलूपबंद शेड

सकाळी सव्वानऊ वाजता टोमॅटोच्या शेडमध्ये मालकासकट सगळी माणसं कोंडली गेली.

कुलूप मालकांनीच आतून लावलं होतं. बाया सारख्या बाहेर जातात, निवडीचं काम रेंगाळतं, म्हणून त्यांनी नवा नियम काढला होता: त्यांना विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. पत्रा तापू लागला आणि दाराबाहेर आजीच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं. आत त्याची आई उठली.

"मालक, बाळाला पाजून येते."

"जरा थांब. ट्रक उभा आहे. दहाच्या आत सुटला नाही तर व्यापारी माल परत पाठवेल."

असं म्हणत मालकांनी वाकून वाकून क्रेट तपासले. मग दार उघडायला वरच्या खिशात हात घातला, तर किल्ली नाही. वाकताना कुठल्यातरी क्रेटात पडली होती.

"तोडा की कुलूप," काकू म्हणाल्या. शेडमधल्या सगळ्यांत जुन्या त्याच. मालकांना त्यांनी कडेवर खेळवलेलं.

"तुटतंय कुठलं! चांगलं दणकट बघून आणलंय," मालक म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

एकच हशा पिकला. बाहेर हॉर्न वाजू लागला, बाळानेही सूर चढवला. मालकांनी घाईघाईने एक क्रेट उपडा करायला उचलला.

"ठेव खाली!" काकू ओरडल्या. "पिकलेला माल आहे, चिखल करशील सगळ्याचा. बस इथं आमच्यासारखा. एकेक उचल, एकेक ठेव."

मालक फतकल मारून बसले. थोड्याच वेळात कंबर धरली.

"काकू, जरा उठू का?"

"मला काय विचारतोस? मालकाला विचार!"

पुन्हा हशा. बाळाची आईही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत आणि कान दाराकडेच होते. मालकांनी ते पाहिलं.

"तुला आधीच सोडायला हवं होतं गं, ताई," ते म्हणाले.

सगळ्यांचे हात भराभर चालू लागले.

किल्ली काकूंना सापडली, एका क्रेटच्या तळाशी. दार उघडताच ट्रकवाला क्रेट उचलायला आत धावला.

"थांब रे, आधी बाळाला येऊ दे," मालक म्हणाले आणि आपली खुर्ची पुसून आईपुढे सरकवली.

ट्रक उशिराच निघाला. व्यापाऱ्याने माल घेतला की नाही, हे संध्याकाळपर्यंत कळलेलं नाही. शेडचं दार उघडं आहे. किल्ली काकूंच्या कमरेला आहे. मालकांनी ती अजून मागितलेली नाही.