मागच्या पायावरचा ब्रश

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत मी टोळांना चारा घालतो. हसा खुशाल. निम्मे टोळ मोठ्या पिंजऱ्यात दाटीवाटीने राहतात, निम्मे एकेकटे आपापल्या डब्यात. या एकट्यांना दुसरा टोळ दिसताही कामा नये. त्यांची जबाबदारी माझ्यावर. बायको गेल्यापासून भांडुपच्या खोलीत मीही तसाच राहतो. शेजारी म्हणाल, तर देखल्या देवा दंडवत. तेव्हा माणूस बरोबर निवडलाय.

"काका, एकटा वाढलेला टोळ गर्दीला बिचकतो," तेजल म्हणाली. ती इथे पीएचडी करते. "पण त्याच्या मागच्या पायाला सारखा स्पर्श झाला ना, की मेंदूतली रसायनं बदलतात. न्यूरोपेप्टाइड म्हणजे मेंदूतले निरोपे. ते बनवणारी जनुकं कमी-जास्त काम करायला लागतात. मग तो स्वतःहून गर्दीत शिरतो."

"नुसत्या हात लावण्यानं? कायतरीच तुझं!"

मी उगाच खेकसलो. खरं सांगतो, दर रविवारी मी लवूच्या सलूनमध्ये चंपी करून घेतो. डोक्यावर केस चार. लवूला वाटतं, माझं डोकं दुखतं. मी जातो ते कुणाचा तरी हात लागावा म्हणून.

मंगळवारी तेजलने मेंदूचे नमुने घेतले. एक एकटा टोळ जास्तीचा उरला.

"याला टाकूया?"

"थांब गं. तो ब्रश दे इकडे."

दुपारभर मी मऊ ब्रश त्याच्या मागच्या पायावरून फिरवत बसलो. त्याने लाथा झाडल्या. "गप रव मेल्या," मी म्हटलं, "सवय नाय तुका."

संध्याकाळी त्याला मोठ्या पिंजऱ्यात सोडला. तो कोपऱ्यात चिकटून बसला. माझा जीव टांगणीला. हा गेला नाही तर आपलंही काही खरं नाही, असं वाटायला लागलं. मग तो हळूच सरकला, आणखी सरकला, आणि इतरांना खेटून बसला.

"झकास, काका!" तेजलने टाळीसाठी हात पुढे केला. मीही केला. तेवढ्यात तिला स्वतःच्या हातातले रबरी मोजे दिसले. "ई, घाण आहेत," म्हणत तिने हसून हात मागे घेतला.

मी तडक लवूकडे गेलो. मंगळवारी त्याचं सलून बंद असतं, हे मला ठाऊक होतं. तरी शटरसमोर बराच वेळ उभा राहिलो.