शिंप्याच्या मानेचं माप

दुकान उघडलं की शिंपी सगळ्यात आधी स्वतःची मान मोजायचा. अर्धं मिनिट लागायचं आणि दिवसभराची निश्चिंती पदरात पडायची; इतका स्वस्त सौदा दुसरा नव्हता. तीन वर्षांपूर्वी मानेतली कॅन्सरची गाठ काढली होती. डॉक्टर सहा महिन्यांनी बोलवायचे. मधल्या दिवसांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने टेप हाती घेतली. मान रोज पंधरा इंच भरायची.

मंगळवारी साडेपंधरा भरली.

तो कुणाला बोलला नाही. आरशासमोर गिळून पाहिलं, चाचपलं, चाचपून चाचपून मान दुखायला लागली तेव्हा ‘दुखतेयही’ म्हणून आणखी घाबरला. डॉक्टरांकडे गेलो तर खरं ठरेल, म्हणून गेला नाही. त्याऐवजी काज-बटणं करणाऱ्या बायकोला कटिंग शिकवायला बसला.

“हा वकील पोट आत ओढून माप देतो. दोन इंच वाढवूनच कापायचं.”

“वीस वर्षांत कात्रीला हात लावू दिला नाहीत. कुठे निघालात का?”

“माणसाचा काय भरवसा!”

“तुमचा तर मुळीच नाही. जेवण का टाकलंत ते सांगा.”

त्याने वकिलाचं कापड तिच्यापुढे सरकवलं.

शनिवारी कोपऱ्यावरचा केमिस्ट नवा शर्ट घालूनच आला, चेहरा लालबुंद.

“मास्तर, शर्ट सांगितला होता, फास नव्हे!”

शिंप्याने त्याच्या गळ्याला टेप लावली. वहीत सोळा, टेपवर साडेसोळा. शिंप्याने टेप पुन्हा लावून पाहिली.

“तुमचीही वाढली?”

“माझी? लग्नानंतर खाली गेलीय, वाढेल कशाला?”

“तुमचीही म्हणजे? आणखी कुणाची?” बायकोने सुई खाली ठेवली.

मग सगळं बाहेर आलं. तिने खणातून जुनी टेप काढून नवीशेजारी ठेवली. “आकडे पुसले होते, म्हणून सोमवारी रात्री बदलली. तशीच दिसते, म्हटलं त्यात सांगायचं काय! मला विचारलं असतंत तर मंगळवारीच सुटला असतात.”

जुनी ओढून ओढून सैल पडली होती. पंधरा-सोळा इंचांत अर्धा इंच गिळत होती. मान होती तेवढीच होती. शिंपी हसला, मग केमिस्टच्या खांद्यावर हमसून हमसून रडला.

“आता या शर्टाला नाक पुसू नका,” केमिस्ट म्हणाला.

तरी सोमवारी बायकोने त्याला डॉक्टरांपुढे बसवलंच. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी पाहिली. “सगळं ठीक आहे. टेप गिऱ्हाइकांना लावा. भीती वाटली तर फोन करा, लपवू नका.”

“आठवड्यातून एकदा मोजली तर?”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

त्या रात्री तो आठ तास झोपला.

जुन्या मापाने आणि नव्या टेपने त्या आठवड्यात अकरा शर्ट कापले गेले होते. नव्या कॉलरींचं कापड शिंप्याचं गेलं. उसवलं बायकोने, शिवलंही तिनेच. नवी कॉलर लागेपर्यंत केमिस्टने चार दिवस श्वास रोखला. वकिलाचा शर्ट तेवढा बरोबर बसला, पण तो म्हणतो, ढगळ झाला.