दोन गल्ल्यांवरची दुरुस्ती

मित्रांनो, मला सगळे जुने म्हणतात. पण माझे वय कदाचित तुमच्याहूनही कमी असेल. मी थुंकी तपासून क्षयरोग ओळखणारे यंत्र आहे. बंगळूरच्या होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वस्ती आहे. तिथल्याच एका कारखान्यात मी जन्मलो आणि तिथून दोन गल्ल्यांवरच्या सरकारी दवाखान्यात कामाला लागलो.

मला विकत घेतले केंद्र सरकारने. माझ्या दुरुस्तीचा करारही दिल्लीहूनच होई. मला त्याचा अभिमान वाटे. एवढे मोठे सरकार पाठीशी असताना भीती कसली?

शिवलीला मला चालवायची. निपाणीकडची, घरात मराठी, रुग्णांच्या खिडकीशी कन्नड. रोज मऊ कापडाने मला पुसायची. जंतू सूक्ष्मदर्शकालाही दिसतात. पण ते नेहमीच्या औषधाला दाद देतील की नाही, हे आमच्या दवाखान्यात फक्त मला कळे. करोनात तर त्याच्याही तपासण्या करत मी अखंड राबलो. लोकांनी मला झेंडूचा हार घातला होता.

मग एके दिवशी माझ्या आतला तापणारा भाग निकामी झाला. दिवा लागे, पण तपासणी होईना. शिवलीलाने कारखान्यात फोन केला. रोशन नावाचा इंजिनियर चालतच आला.

"छोटंसं काम आहे, अक्का," तो म्हणाला. "पण करार संपलाय. दिल्लीहून नवा होईपर्यंत मला झाकण उघडता येत नाही."

"कधी होईल?"

त्याने न उघडलेली हत्यारांची पिशवी उचलली आणि तो गेला.

त्याच सुमारास तानूबाई आली. कपड्यांच्या कारखान्यात ती धागे कापायची. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसले, नेहमीचे औषध सुरू झाले. खोकला मात्र थांबेना. तेव्हा तिची थुंकी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे आधीच नमुन्यांचा ढीग पडला होता.

तानूबाईची धाकटी बहीण महानंदा पुन्हा पुन्हा विचारायला यायची. "अक्का, ताई औषध चुकवत नाही ओ. मग वाळत का चाललीय?"

"जंतू या औषधाला दाद देत नसतील. या यंत्राला ते कळलं असतं."

"मग लावा की हेच! दिवा तर लागलाय!"

शिवलीलाने प्रयोगशाळेला फोन लावला.

पुढे दिल्लीहून पाहणीला पुरुषोत्तमसाहेब आले. शिवलीलाने त्यांना खुर्ची दिली आणि सगळे सांगितले. माणूस सभ्य होता. चहा निवेपर्यंत ऐकत राहिला.

"बाई, माझं काम पाहणीचं. करार दुसरं खातं करतं. ते म्हणतं, दवाखाना राज्याचा. राज्य म्हणतं, यंत्र केंद्राचं."

"मग यंत्र बंद आहे, एवढं तरी लिहा, सर."

"लिहितो. मागच्या दौऱ्यातही असंच लिहिलं होतं. ती यंत्रं अजून तशीच आहेत."

त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि ते गाडीत बसून गेले.

शेवटी प्रयोगशाळेचे उत्तर आले. तानूबाईला नेहमीचे औषध लागूच पडत नव्हते. तिला वेगळे द्यायला हवे होते. शिवलीलाने धडपडत महानंदाला फोन लावला.

"ताई परवा गेली, अक्का," पलीकडून आवाज आला. आणि मग खोकल्याची उबळ.

शिवलीला ओरडली, "तू आत्ता मोठ्या दवाखान्यात जा! इथे येऊ नकोस!"

"कामावर रजा नाही ओ. बघते पुढच्या आठवड्यात."

महानंदा मोठ्या दवाखान्यात गेली की नाही, मला कळले नाही. शिवलीलाची बदली झाली. नव्या माणसाने माझ्यावर जुनी चादर टाकली. कारखाना सुटला की रोशन खिडकीखालून घरी जातो. आता तो वर बघत नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझी निगा राखणारी होती, दुरुस्त करणाराही जवळ होता. तरी मी बंदच राहिलो. म्हणून एवढेच मागतो. घरात कुणाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर त्यांना लगेच तपासायला न्या. वाटेत माझी खिडकी लागेल. तिथे थांबू नका. पुढे जा.