दुसऱ्या बाटलीचा खुलासा

साहेब, तुम्ही ती बाटली पाहिली होती. पाहिली आणि मान फिरवली. पटांगणात उभी असलेली दोनशे ऐंशी पोरं साक्षीला आहेत. तरी नोटीस कोणाला, तर माया रंगारी मॅडमला.

मग ऐका आता, झालं कसं ते.

सक्करदऱ्याच्या त्या महापालिकेच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन दरवर्षी व्हायचं. व्हायचं म्हणजे काय, तर इतवारीच्या बाजारातून कधीकाळी आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी, एक पवनचक्की आणि लाइट लागणारं हृदय कोठीतून बाहेर निघायचं. साफसफाईची सिंधूताई धूळ झटकायची, दहा हुशार पोरांच्या नावाच्या नव्या चिठ्ठ्या चिकटायच्या, पाहुणे फीत कापायचे, फोटो वर, महापालिकेतल्या तुमच्या ऑफिसात जायचा. यंदा विज्ञान शिकवणाऱ्या मायाने ज्वालामुखीची चिठ्ठी नखाने खरवडली, तर तिच्याखाली दुसरी निघाली, दुसरीखाली तिसरी. सगळ्यात खाली नाव होतं अंकुशचं. तो अंकुश आता ऑटो चालवतो, त्याची पोरगी याच शाळेत दुसरीत आहे.

त्याच दुपारी मायाने मुख्याध्यापक देवराव निमजे सरांना सांगून टाकलं. यंदा निवडक पोरं नाहीत, विकतचं काही नाही. पहिली ते आठवी, झाडून सगळी शाळा उभी राहील. प्रत्येक वर्गाने आपल्याच शाळेला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर स्वतः मोजून आणायचं. सरांनी कपाळाला हात लावला. एवढी टेबलं कुठून आणायची म्हणाले. टेबलं नव्हतीच. बाकं जोडली, त्यांच्यावर घरोघरच्या चादरी पसरल्या, एका चादरीवर तर हळदीचा डाग होता, त्यावर दुसरीवाल्यांनी आपला तक्ता ठेवला.

पहिलीच्या पोरांनी खिचडीतले वाटाणे मोजले. ताटामागे तीन. चौथीने टिनाच्या आणि स्लॅबच्या वर्गात थर्मामीटर टांगले आणि लिहिलं, टिनाखाली सहा डिग्री जास्त. सहावीने पंखे मोजले. अकरा पंखे, त्यातले फिरणारे चार.

सातवीची दीक्षा पाण्याच्या मागे लागली, कारण तिच्या वर्गातली निम्मी पोरं आळीपाळीने पोट धरून घरी राहायची. मायाने तिला पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणून दिल्या. आत औषध असतं, पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. पिवळं राहिलं तर ठीक, काळं पडलं तर समजावं, पाण्यात घाण आहे. शाळेच्या टाकीचं पाणी दीड दिवसात शाईसारखं झालं. दीक्षाने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तीच शाई.

निमजे सर वाईट माणूस नाही. निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हळूच येऊन म्हणाले, "मॅडम, त्या बाटल्यांच्या जागी ज्वालामुखी ठेवून द्या ना. साहेबांले आवडते तो."

मायाने ज्वालामुखी कोठीतच राहू दिला.

मग तुम्ही आलात, साहेब. वाटाण्यांपाशी हसलात, पंख्यांपाशी घाईत पुढे सरकलात आणि बाटल्यांपाशी थांबलात. पहिली चिठ्ठी वाचलीत, शाळेच्या टाकीचं पाणी. "टाकी कोण धुतं?" विचारलंत. सिंधूताई पदर सावरत पुढे आली. बावीस वर्षांपासून ती त्या शाळेत आहे, अजून रोजंदारीवर. तुम्ही उभ्या उभ्या निकाल दिलात. उद्यापासून ही बाई कामावर नको, आणि हे टेबल उचला.

सिंधूताई एवढंच म्हणाली, "मी तं दर शनिवारी धुतो जी, आत उतरून."

निमजे सर बाकाला हात घालायला वाकले. मायाने चादरीवर दोन्ही पंजे टेकले. ती म्हणाली, "हे टेबल उचललं, तर सगळी उचलावी लागतील, सर. पहिलीचे वाटाणेसुद्धा."

तुम्ही काही बोलायच्या आधी दीक्षा बोलली. "साहेब, तुम्ही एकच चिठ्ठी वाचली. दुसरी वाचा ना."

दुसऱ्या बाटलीवर लिहिलं होतं, टाकीत पडण्याआधीचं पाणी, रस्त्यावरच्या पाइपातलं. तीही काळी. शेजारी तिसरी, उकळलेल्या पाण्याची, पिवळीच राहिलेली. कोणावर बोट ठेवायच्या आधी त्याच्या आधीची पायरी तपासा, हे मायाने वर्गात शिकवलं होतं, पोरीने ते करून ठेवलं होतं.

"म्हणजे मावशीची चूक नाही," दीक्षा म्हणाली. "पाणी येतानाच घाण येऊन राहिलं."

तुम्ही त्या बाटलीकडे पाहिलंत आणि मान फिरवलीत. मग पंख्यांच्या टेबलाकडून कोणीतरी म्हणालं, "पाइप तं साहेबाच्याच ऑफिसचा हाय ना बे." आणि सगळी शाळा हसली. तुम्ही चहा न घेताच गाडीत बसलात.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. परवानगी न घेता पाणी तपासून कार्यालयाची बदनामी केली, चोवीस तासांत लेखी खुलासा करा. सिंधूताईचं नाव हजेरीतून उडालं ते उडालंच. निमजे सरांनी माफीच्या चार ओळी स्वतः लिहून आणल्या, नुसती सही करा म्हणाले, नोकरी जाईल हो. मायाने कागद वाचला, घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. तिला भीती वाटत नव्हती असं कोणी समजू नये. पण सोमवारी सातवीच्या वर्गात कोणत्या तोंडाने उभं राहायचं, ही भीती त्याहून मोठी होती.

तिने खुलासा लिहिला, तो असा:

"पाणी तपासलं. परवानगी घेतली नाही. तहान लागल्यावर पोरंही घेत नाहीत. आता मी विचारते. रस्त्यावरच्या पाइपातली बाटली काळी काहून पडली? तो पाइप कोणत्या तारखेला बदलणार? आणि सिंधूताईंना कामावरून कोणत्या गुन्ह्यासाठी काढलं? मला चोवीस तास दिलेत, तेवढेच तुम्हालाही. लेखी उत्तर द्या."