सूनबाई गप्प राहिली

पंखे बनवणाऱ्या त्या कंपनीचं दिवाळं निघून बरेच महिने उलटले होते, तरी तिच्या शेअरची खरेदी-विक्री चालूच होती. चिल्लर भावात, पण चालू होती. कंपनीची सचिव असलेल्या बाईला एका संध्याकाळी कळलं, की आता तेही संपलं. कोर्टाने कंपनी नव्या मालकाला द्यायला मान्यता दिली होती. जुन्या शेअरना किंमत शून्य, आणि शेअर बाजारातून कंपनीचं नाव कायमचं बाद. हे जाहीर करणारं पत्रक तिनेच लिहायचं होतं आणि तोवर कुणाजवळ ब्र काढायचा नव्हता. काढला तर सरळ गुन्हा.

आणि घरात सासरे होते. त्याच कारखान्यात मोटरची कॉइल गुंडाळण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीचे बरेचसे पैसे त्यांनी कंपनीच्याच शेअरमध्ये घातले होते. भाव कोसळला तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं, पण ते हटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत होती. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, एक विचारू? शेअर काढून टाकू का आता? हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"बाबा, कंपनीचं मी घरात बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण एरवी हे सांगताना तू माझ्याकडे बघतेस. आज डब्याकडे बघतेयस."

तिचा नवरा बाहेर बूट घालत होता. तो म्हणाला, "अगं, नुसती मान हलवलीस तरी चालेल."

"तुला चालेल. मला नाही चालणार."

ती डबा उचलून निघाली. पाठीवर दोघांची नजर आहे हे तिला जिना उतरेपर्यंत जाणवत होतं.

ऑफिसात पोचताच तिने कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाला गाठलं. "साहेब, पत्रक तयार आहे. बाजार उघडायच्या आत पाठवू या."

"कर्ज दिलेल्या बँकांचे लोक दुपारी येणार. त्यांनी पाहिल्याशिवाय अक्षर बाहेर जाणार नाही."

"मग तोवर शेअरचे व्यवहार तरी थांबवायला बाजाराला कळवू या."

प्रशासकाने चष्मा काढला. "एवढी घाई का? घरात कोणाकडे शेअर आहेत?"

"सासऱ्यांकडे. मी तसं कळवलेलं आहे."

"मग तर तुम्ही घाई करूच नका, बाई. उद्या बोट दाखवायला तेवढंच पुरेल."

ती जागेवर येऊन बसली. थोड्या वेळाने फोन वाजला. सासऱ्यांचा. उचलला तर आवाजावरून ते ओळखतील, नाही उचलला तर त्यातूनही काहीतरी काढतील. फोन वाजून वाजून थांबला. दुपारी मंजुरी मिळाली आणि पत्रक गेलं.

संध्याकाळी सासरे बाल्कनीत बसले होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"वाचलं मी," ते म्हणाले. "सकाळी आणखी घेतले गं."

तिला आधी समजलंच नाही. "काय घेतले?"

"शेअर. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे बाजूला ठेवले होते ना, त्यातून. वाईट असतं तर तू काहीतरी खूण केली असतीस, असं धरून चाललो. म्हटलं, पोरीला कंपनीची चांगली बातमी कळलीय, म्हणून ओठ मिटलेत. फोन उचलला नाहीस तेव्हा तर खात्रीच पटली."

नवऱ्याने आतून सगळं ऐकलं. तो बाहेर आला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिला.

काही महिन्यांनी शेअर बाजाराची नेहमीची चौकशी झाली. अधिकारी तरुण आणि नम्र होता. "तुमच्या सासऱ्यांनी त्या सकाळी विकले नाहीत, उलट घेतले," तो म्हणाला. "म्हणजे तुमच्याकडून काही फुटलं नाही हे उघडच आहे. त्यांच्या खरेदीमुळे तुम्ही सुटलात म्हणा ना."

ती घरी आली तेव्हा सासरे खाली जिन्याशी दम घेत थांबले होते. तिने अधिकाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"चला," ते म्हणाले, "कशाला तरी उपयोगी पडले."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि गुडघा सावरत एकेक पायरी चढू लागले.